मिलच्या काट्यावर

थुंकीलाही वजन असतं, हे मला अठराव्या वर्षी कळलं. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

त्या दिवशी आमच्या आसगावची मंडई होती. दिवाळी सरली की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते, जत्राच म्हणा, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. बोलावलेले, न बोलावलेले, पाहुण्यांचे पाहुणे. कोणाला उपाशी पाठवायचं नाही आणि कोणी पोट भरलं म्हटलं तरी ऐकायचं नाही, असा रिवाज. चुलीवर वडे तळले जात होते, कोंबडीचा रस्सा उकळत होता, करंज्यांचा डबा फडताळात भरून ठेवला होता. आणि मी, या घरची एकुलती एक मुलगी, गोठ्यामागे उकिडवी बसून, तोंडात चिंच धरून पाण्याच्या बाटलीत थुंकत होते. बाटली अर्धी भरली होती. वर फेस, खाली तपकिरी पाणी. मी ती उजेडात धरून पाहिली आणि मलाच ओकारी आली. ओकारी आली म्हणून बरंही वाटलं, कारण ओकून पडेल तेवढं वजन कमी. माणूस स्वतःशी किती घाण वागू शकतो ते बघा.

नेमकी तेव्हाच आंबागडहून आलेली माझी कौशल्याआत्या मागे आली. तिने चिंच पाहिली, ओकारी पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"काहून वो पोट्टे, चिंच खाऊन राहिली अन ओकून राहिली? काय भानगड आहे?"

"वजन कमी करून राहिली, आत्या. उद्या बॉक्सिंग आहे माझी."

"असं केल्यानं वजन कमी नाही होत बाई," आत्या म्हणाली. "नऊ महिने वाढतच जाते."

ती आत गेली आणि आईच्या कानाला लागली. मग तिथून ते कोणाकोणाच्या कानाला गेलं ते मला दिसतच होतं, कारण पाहुण्या बायका एकेक करून पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दारी येऊन माझ्या पोटाकडे बघून जात होत्या. पोट कुठलं, पाठीला चिकटलेलं कातडं होतं ते.

हे सगळं कशासाठी, तर अठ्ठेचाळीस किलोसाठी. बॉक्सिंगमध्ये आपल्या वजनाच्या मुलीशीच खेळायचं असतं. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करतात. गटाच्या आकड्यापेक्षा घोटभर पाण्याएवढंही जास्त भरलं तर घरी जा. बसलं तर दुपारी लढत. माझं अंग मुळात एक्कावन्नच्या गटाचं. पण मागच्या वर्षी त्या गटात नाकाडोंगरीच्या कामिनीने मला धू धू धुतलं होतं. तिचा हात माझ्यापेक्षा वीतभर लांब आहे, त्याला मी काय करणार?

"अठ्ठेचाळीसमध्ये ये," कैलाश सर म्हणाले. सर म्हणजे आमचे कोच. फौजेत असताना बॉक्सिंग खेळलेले, आम्हाला फुकट शिकवणारे. "तिथं तुह्या तोडीची पोट्टी जिल्ह्यात नाही. सकाळी वजन द्याचं, मंग दुपारपर्यंत खायाचं, प्याचं, अन रिंगमध्ये एक्कावन्नची होऊन उतराचं. सगळेच करतेत."

ऐकायला मोठी हुशारी वाटते. पण सगळ्याच करतात, म्हणजे सगळ्या मुली उपाशी राहून एक गट खाली येतात आणि तिथं पुन्हा एकमेकींच्याच समोर उभ्या राहतात. फरक एवढाच की आता सगळ्यांना चक्कर येत असते. हे मी सरांना म्हटलं होतं. सर म्हणाले, डोकं कमी चालव, पाय जास्त चालव.

मी ऐकलं, कारण हे माझं या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याच्या संघात यंदा नाव आलं तरच पुढं काही होतं. बाबांनीही स्वच्छ सांगितलं होतं, "संघात आली तं पाहिजे तेवढी खेळ, मी काही बोलनार नाही. नाही आली तं गपगुमान नर्सिंगले जा." बाबा शब्दाचे पक्के. मीही म्हटलं होतं, ठीक आहे.

आमचा क्लब वासुदेवराव सेठच्या राईस मिलच्या जुन्या गोदामात भरायचा. गोदाम त्यांचं, पंचिंग बॅग त्यांची, भिंतीवरचा हात जोडलेला फोटो अर्थातच त्यांचा. उन्हाळ्यात त्यांनी व्यायामासाठी लोखंडी चकत्या दिल्या, वीस-वीस किलोच्या. प्रत्येकीवर पिवळ्या रंगात आधी '२०' आणि मग त्याहून मोठ्या अक्षरात 'वासुदेवराव यांजकडून सप्रेम भेट'. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माणूस उपकाराखाली इतका वाकतो की त्याला समोरचं दिसत नाही, फक्त समोरच्याचे पाय दिसतात.

शेवटच्या आठवड्यात सर मला मिलच्या वाफेत बसवायला लागले. आमच्या भागात उसना तांदूळ करतात. धान भिजत घालायचं, मग टाकीत वाफ द्यायची, मग वाळवायचं. त्या भिजलेल्या धानाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचं नाही. आंबलेला, ओला, बुरसटलेला, घशात जाऊन बसणारा. मी अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट घालून त्या टाकीशेजारी स्टुलावर बसायचे. आतून घाम, बाहेरून वाफ, आणि नाकात तो वास. केसांतून जायचा नाही, उशीतून जायचा नाही. मी आईला म्हटलं, "धानासोबत मलेही उसनं करून राहिले." आई हसली नाही. तिने माझी उशी उन्हात टाकली.

वाफेतून उठलं की थेट काट्यावर. क्लबचा छोटा काटा बिघडला होता, म्हणून धान मोजायच्या काट्यावरच माझं वजन व्हायचं. सरांना तेच पसंत होतं. "हा इलेक्ट्रॉनिक आहे. साऱ्या गावचं धान यावर मोजलं जाते. दवाखान्यातल्या काट्यापेक्षा पक्का. काटा खोटं बोलत नाही, प्रतिक्षा, माणूस बोलते." काट्यावरचा मापारी श्रावणदादा मी चढले की ओरडायचा, "आली पोतडी! ओलाव्याची घट धरू का, सर?" आणि हमाल हसायचे. मला हसू यायचं नाही. महिनाभरापूर्वी माझे हात असे सुटत होते की क्लबमधली धाकटी टीना माझ्यासमोर ग्लोव्हज घालायला घाबरायची. आयुष्यात इतकी तयार मी कधीच नव्हते. आणि आता मला बुटाची लेस बांधायला बसावं लागत होतं आणि उठायला भिंत धरावी लागत होती. पिकलेला आंबा झाडावरून काढायचा सोडून त्याला चुलीत घातलं सरांनी.

असो. मंडईच्या दुपारी पंगत बसली तेव्हा बाबांनी मला हाक मारली. घरचं माणूस पंगतीत नसलं तर पाहुणे हात लावत नाहीत. मी जाऊन बसले. समोर रिकामं ताट. शेजारी आत्याचे दीर हाडं चोखत होते, रस्सा कोपरापर्यंत ओघळत होता, आणि चोखता चोखता ते माझ्या ताटाकडे बघत होते. सगळेच बघत होते. खाणाऱ्या माणसांची तोंडं उपाशी माणसाने कधी बघू नयेत. मला त्यांचे दात दिसत होते, दातात अडकलेलं दिसत होतं, गिळताना वरखाली होणारे गळे दिसत होते.

"डोमाभाऊ, मंडईच्या दिवशी पोरगी उपाशी ठेवता का घरात?" कोणीतरी म्हणालं.

बाबांनी एक वडा उचलून माझ्या ताटात ठेवला. "एवढा खाय, बेटा. एकानं काय होते."

मी तो उचलला आणि परत परातीत ठेवला. बाबांचा चेहरा उतरला. चारचौघांत मुलीने बापाच्या हातचं नाकारलं, तेही मंडईच्या दिवशी. आईने डोळे वटारले. मी उठून मागे गेले आणि माझ्या बाटलीत थुंकले. आता थुंकीही येत नव्हती, चिंचेचा चोथा तेवढा आला.

सकाळी सर्वांत आधी मिलचा काटा. सत्तेचाळीस पूर्णांक नऊ. सरांनी टाळी वाजवली. "झालं! बसली! आता एक थेंब पानी नोको, भंडाऱ्यापर्यंत फक्त श्वास घे." टीनाचंही वजन करून घेतलं. तिला तर वजनाची चिंताच नव्हती. ती पंचेचाळीसच्या गटात, काट्यावर बेचाळीस पण भरली नाही. मग मी घरी जाऊन कपडे बदलून आले आणि आम्ही तिघं बसने निघालो. बसमध्ये मी डोळे मिटून बसले होते आणि मनात पाणी पीत होते. माठातलं, हापशाचं, बोडीतलं गढूळ, कसलंही.

भंडाऱ्याच्या हॉलमध्ये मुलींची रांग लागली होती. सगळ्यांचे ओठ फाटलेले, सगळ्यांच्या तोंडाला तोच शिळा वास. एक मुलगी भिंतीला डोकं टेकवून रडत होती, आणि तिचा कोच तिला सांगत होता, रड, रड, रडल्यानेही जाते. मला वाटलं, हा खेळ मी शिकले कधी आणि यात ठोसे कुठे आहेत?

माझा नंबर आला. मी काट्यावर चढले.

एकोणपन्नास पूर्णांक आठ.

"खाली उतर, पुन्हा चढ," काट्यावरच्या मॅडम म्हणाल्या. मी उतरले, चढले. तेच. मॅडमने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू काहीतरी आलं. ते काय होतं हे त्यांनी बोलूनच दाखवलं, सगळ्या रांगेसमोर.

"काल मंडई होती तुमच्या घरी."

"सर, मी काही खाल्लं नाही."

"सकाळी मी सोता पाह्यलं, अठ्ठेचाळीसच्या आत होती तू. मंग हे दोन किलो काय हवेतून आले? मिलमधून घरी गेली, कपडे बदलाले. तेव्हा काय काय खाल्लं?"

"सर, खरंच नाही."

"काटा खोटं बोलत नाही, प्रतिक्षा."

मागे कोणीतरी म्हणालं, "करंजी भारी पडली वाटते," आणि हशा पिकला. ज्या मुलीचा कोच तिला रडवत होता तीही हसली. मला कोणी थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. थोबाडीत खायची मला सवय आहे. पण चोरून खाल्ल्याचा आळ? ज्या दिवशी मी बापाच्या हातचा वडा परत केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी?

वजनाची वेळ संपेपर्यंत आणखी एकदा काट्यावर चढता येतं. सरांनी मला रेनकोट घातला आणि हॉलच्या भोवती पळवलं. मी पळाले. घाम येईना. अंगात पाणी असेल तर घाम येईल ना! सर मागून ओरडत होते, "थुक! थुक!" मी थुंकायला तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटून राहिली. कितवी फेरी होती कोण जाणे, एकाएकी जमीन वर आली. डोळे उघडले तेव्हा एक डॉक्टरबाई माझ्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावत होत्या आणि सरांना फाडफाड बोलत होत्या. मी तो ग्लास प्यायले. त्या पाण्याची चव मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. ते पाणी म्हणजे माझं वर्ष संपलं, आणि तरीही ते इतकं गोड लागलं याचीच मला शिसारी आली.

वरच्या गटात नाव द्यायची मुदत आधीच गेली होती. म्हणजे मी कुठल्याच गटात नाही. दुपारी मी बाकावर बसून टीनाची लढत पाहिली. ती हरली. मग आम्ही परत बसमध्ये.

सर पुढच्या सीटवर, टीना माझ्या शेजारी. बस अड्याळच्या पुढे गेल्यावर टीना हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? माह्यंही वजन जास्त आलं. मिलमध्ये बेचाळीसही नव्हतं, अन इथं साडेत्रेचाळीस. मी तं सकाळपासून तोंडात काहीच नाही टाकलं. माह्या गटात बसत होतं म्हून कोनी काही बोललं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. मग सरांच्या मानेकडे पाहिलं. ती मान हलत नव्हती. टीनाचा आवाज लहान आहे, पण एवढाही लहान नाही. सरांनी अर्धवट मागे वळून आमच्याकडे नजर टाकली आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कापलेली धानाची बांधी, तीच ती, मैलभर. त्यात बघण्यासारखं काय होतं?

त्या क्षणी मला सगळं कळलं. भंडाऱ्याचा काटा बिघडलेला असता तर सगळ्याच मुली जास्त भरल्या असत्या. जास्त भरलो आम्ही दोघीच, मिलमध्ये वजन करणाऱ्या. म्हणजे मिलचा काटा कमी दाखवत होता. आणि त्या काट्यावर काय मी एकटी चढत होते? अख्खं आसगाव आपलं धान त्यावर चढवत होतं.

स्टॉपवर उतरल्यावर सरांनी टीनाला पुढे पाठवलं आणि मला बाजूला घेतलं.

"हे पाय. काट्याचं कोनापाशी बोलू नोको."

"तुमाले माहीत होतं?"

"नाही. तुही शपथ, नाही. आता बसमध्ये समजलं." ते खरं बोलत असावेत, कारण त्या काट्यावर सगळ्यात जास्त भरवसा त्यांचाच होता. "पन इचार कर. गोदाम त्यायचं, बॅग त्यायची. उद्या त्यायनं कुलूप लावलं तं टीना कुठं खेळन? बाकीच्या पोट्ट्या कुठं जातीन? तुह्यं तं झालंच आहे."

तुह्यं तं झालंच आहे. म्हणजे आता माझ्या नावावर दोन करंज्या लिहिल्या काय आणि चार लिहिल्या काय, काय फरक पडतो? मला सरांची इतकी किळस आली की मी तशीच घरी निघाले. पण टीनाचं नाव त्यांनी बरोबर जागी मारलं होतं. रिंगमध्येही ते हेच शिकवायचे, जिथं दुखतं तिथं मार.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. मी हातपाय धुवायला मागे गेले आणि मला आतून आवाज आला. फडताळ उघडल्याचा. मग डब्याचं झाकण. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा झाकण.

माझी आई करंज्या मोजत होती.

मंडईत दहा पोरं घरभर फिरत होती, करंज्या कमी भरणारच. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. रागाचा नव्हता तो, पक्क्या खात्रीचा होता. बाबांनी मला जवळ बसवलं. "खाल्लं असन तं सांग, बेटा. मी रागवत नाही. भूक कोनाले चुकली?"

"नाही खाल्लं, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले.

ते 'बरं' मी पुढचे दोन दिवस गिळत होते. जेवण जात होतं, 'बरं' जात नव्हतं. सांगून टाकावं असं हजारदा वाटलं. पण काय सांगणार? स्वतःची चोरी लपवायला पोरगी सेठच्या काट्यावर आळ घेते, असंच झालं असतं. आणि टीना होतीच. मी गप्प राहिले आणि माझं मलाच अंग धुवावंसं वाटत राहिलं.

मग आमचं हलकं, म्हणजे लवकर निघणारं धान मिलवर गेलं. बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसोबत दुपारीच पुढे गेले होते. मी क्लबमधले माझे ग्लोव्हज आणायला गेले. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीचे ग्लोव्हज गोदामात कशाला ठेवायचे? मिलच्या अंगणात पाचसहा शेतकरी आपापल्या धानाशेजारी उभे होते. वासुदेवराव खुर्चीवर. आमचंच धान काट्यावर होतं. श्रावणदादा पोत्यात धान ओतायचा, आकडा चाळीसवर आला की ओरडायचा, "चाळीस!" आणि हमाल पोतं ओढून भिंतीशी लावायचे. सर गोदामाच्या दारात उभे होते.

वासुदेवरावांनी मला पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"काय पैलवान, मंडई पचली का?"

सगळे हसले. श्रावणदादा हसला, हमाल हसले. आणि बाबाही हसले. मोठ्याने नाही, थोडंसंच. ज्याच्या दारात आपलं धान पडलं आहे त्याच्या विनोदाला माणूस जसं हसतो तसं. माझा बाप माझ्यावर हसला, आणि ज्या काट्याने मला चोर ठरवलं त्याच काट्यावर त्याचं धान होतं. भिंतीशी पोत्यांची रांग लागलेली, प्रत्येक पोत्यात त्याचं थोडं थोडं फुकट गेलेलं, आणि तो हसत होता.

मी गोदामात गेले. माझा बेत वगैरे काही नव्हता. ग्लोव्हज खुंटीला होते, आणि खाली भिंतीला टेकून त्या पिवळ्या अक्षरांच्या चकत्या. मी ग्लोव्हज तसेच ठेवले. दोन चकत्या उचलल्या, दोन्ही हातांत एकेक. अंगात अजून जोर आला नव्हता. सर दारात आडवे आले.

"प्रतिक्षा, नोको. टीनाचा तरी इचार कर."

"टीनाच्या घरचंही धान इथंच येते, सर."

ते बाजूला झाले. मी काट्यापाशी गेले. पुढचं पोतं अजून चढलं नव्हतं, काटा रिकामा होता, आकडा शून्यावर. मी दोन्ही चकत्या वर ठेवल्या.

"श्रावणदादा, याचा काटा कर."

श्रावणदादाने सेठकडे पाहिलं. सेठ म्हणाले, "हे काय पोट्टेपना लावला? धान येऊन राहिलं, उचल ते." पण आमच्या शेजारचे नत्थूमामा, सर्वांत म्हातारे, पुढे झाले. "पाहू द्या ना सेठ. लोखंड आहे, चावते का?" आणि त्यांनी वाकून आकडा वाचला. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मोठ्याने वाचला, एकेक अंक.

"अडतीस... पूर्णांक... चार."

नत्थूमामांनी चकत्यांवरचे वीस आणि वीस बोटाने चाचपून पाहिले.

"लोखंड झिजते," वासुदेवराव म्हणाले. "गंजून कमी होते."

"उन्हाळ्यात तं दिल्या तुमी," मी म्हटलं. "रंग नाही उडाला अजून. अन लोखंड काही मंडईत जेवाले येत नाही, सेठ, का सकाळी एक अन दुपारी एक वजन भरन. मी भंडाऱ्यात जास्त भरली तं मी चोर झाली. हे इथं कमी भरून राहिलं, आता कोन चोर? वजन तुमचंच आहे, तुमचं नावही आहे त्यावर. काटाही तुमचाच. दोघायतलं एक खोटं आहे. कोनतं ते तुमीच सांगा."

वासुदेवराव खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. त्यावर लाज नव्हती, फक्त चीड होती, ताटात माशी पडल्यावर येते तशी. "कैलाश," ते सरांना म्हणाले, "उद्यापासून गोदाम खाली कर." एवढंच बोलून ते आत गेले. सरांनी मान खाली घातली. मला त्यांची दया यायला हवी होती, ती आली नाही.

पण उद्या टीनाला काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. आता ती आमच्या अंगणात येते, आणि आम्ही चिंचेच्या झाडाला पोतं टांगून त्यावर ठोसे मारतो.

सेठ आत गेल्यावर नत्थूमामांनी आपल्या ट्रॉलीवाल्याला ओरडून सांगितलं, "गाडी मागे घे बे." बाकीचे अजून काट्याकडे बघत उभे होते. बाबा माझ्याजवळ आले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्यांचे दोन्ही हात नुसते लोंबत होते.

"तुही माय करंज्या मोजत होती," ते म्हणाले, "तं मी म्हटलं नाही तिले का मोजू नोको. मीही तुह्या ताटाकडेच पाह्यलं, बेटा. इतके साल झाले धान घेऊन येतो इथं, काट्याकडे कधी पाह्यलं नाही."

मग त्यांनी भिंतीशी लावलेलं पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि परत ट्रॉलीत नेऊन टाकलं. दुसरं मी उचललं. श्रावणदादा त्याला चाळीस म्हणून ओरडला होता. पाठीवर ते चाळीसपेक्षा जड होतं.